तिमासच्या तोंडातलं नाणं

तिमास गेला तेव्हा आमच्या कामिरोस गावात चूल पेटणारी घरं थोडीच उरली होती. लिंदोस धरून बेटावरच्या तिन्ही गावांनी मिळून उत्तरेच्या टोकाला रोडोस नावाचं एकच मोठं शहर वसवायचं ठरवलं. माणसं घरांची दारं-वासे गाड्यांत घालून निघून गेली. तिमास हलला नाही. त्याच्यासाठी त्याची मुलगी निकासा राहिली, आणि शेजारीण म्हणून मी. माझे गुडघे चालण्यासारखे नव्हते.

त्याचा मुलगा दामोन मात्र सगळ्यांच्या आधी गेला. नव्या शहराच्या टांकसाळीत त्याला काम मिळालं. आमच्या नाण्यांवर अंजिराचं पान असायचं. तिथे ती वितळवून गुलाबाची नवी नाणी पाडत. हे कळल्यापासून तिमासने मुलाचं नाव टाकलं. दामोन सणासुदीला तेलाचा बुधला, लोकरीचा अंगरखा घेऊन यायचा. म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि सामान उंबऱ्याबाहेरच पडून राहायचं.

निरोप मिळताच दामोन आला. निकासाने बापाला न्हाऊ घालून, अंगावर पांढरं वस्त्र घालून, दाराकडे पाय करून निजवलं होतं.

"नाणं ठेवलंस?" त्याने विचारलं. पलीकडच्या तीरावर नेणाऱ्या नावाड्याला द्यायला ते मेलेल्याच्या तोंडात ठेवावं लागतं.

"पानाचं हवं. दारोदार फिरले. गावात एक नाही."

दामोनने कमरेची थैली सोडली. "हे घे."

गुलाब बघताच ती उसळली. "हे ठेवलंस तर थुंकून टाकतील बाबा. मेले म्हणून काय झालं!"

"ताई, चांदी तीच आहे गं. आपल्याच गावची."

"तुला माहीत असणारच! तूच वितळवलीस ना?"

"मी नसती वितळवली तर दुसऱ्या कुणी वितळवली असती."

"मग दुसऱ्यानंच करायचं होतं. त्यासाठी आपल्याच घरातला पोरगा हवा होता?"

दामोन उंबऱ्यावर बसून रडायला लागला. "इतकी वर्षं या दारात उभा राहिलो, ताई. माझ्या हातून एक ऑलिव्हसुद्धा घेतलं नाही त्यांनी."

मी आजवर त्या घरच्या भांडणात पडले नव्हते. पण राहवेना. म्हटलं, "निकासा, तो नावाडी पान बघत नाही की फूल. बापाचा हट्ट तू तो असेपर्यंत सांभाळलास. आता त्याच्यामागे तूच धरून बसणार का?"

खरं सांगते, तो गुलाब मलाही परकाच वाटत होता. पण समोर पोरगा रडत होता.

निकासाने बापाच्या पायावरचं वस्त्र सारखं केलं. मग बाजूला सरली. "ये. तूच ठेव. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

तिमासचा जबडा आवळलेला होता. दामोनला तो उघडेना, तेव्हा निकासानेच पुढे होऊन हनुवटी धरली.

"घ्या बाबा," दामोन म्हणाला. "एवढं तरी घ्या."

नाणं आत गेलं. निकासा तोवर रडली नव्हती. आता तिने भावाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि असा हंबरडा फोडला की रिकाम्या घरांतून कबुतरं उडाली.

पहाटे आम्ही त्याला पुरलं. महिन्याचे विधी उरकल्यावर दामोन निकासाला न्यायला गाडी घेऊन आला.

"मावशी, तुम्हीही चढा. इथे एकट्या कुणाशी भांडणार?"

चढले.

रोडोसचे रस्ते दोरी लावल्यासारखे सरळ, घरं सगळी एकसारखी. पहिल्याच दिवशी निकासा पाणी भरून परतताना भलत्याच घरात शिरली आणि घागर उतरवून मोकळी झाली. घरची बाई बघतच राहिली.

"कुठल्या गं तुम्ही?"

"कामिरोसची. चुकले वाटतं."

"बसा जरा," ती बाई म्हणाली. "मी लिंदोसची. परवा मीही अशीच शेजारच्यांच्या अंगणात धुणं वाळत घालून आले."

आता दोघी पाण्याला बरोबर जातात.