आगाशीतून सुटलेला शब्द

"तुम्ही काही विश्वास ठेवायचे नाहीत," शत्रुघ्नकाका म्हणाले, "पण कॅनडातली पोरं आज आमच्या धोंडूचा शब्द बोलतात. खुळुम!"

आगाशीच्या बस थांब्यापाशी केळी विकणाऱ्या इग्नेशियसने घडावरून सुरी न उचलता मान हलवली. "बोल शत्रू. गेल्या महिन्यात तुझ्या वाडीतला नारळ उडून वसईच्या किल्ल्यात पडला होता. त्यामानाने कॅनडा बरा."

शेजारी गजरे ओवत बसलेली प्रेमलता खुदकन हसली. "पण काका, खुळुम म्हणजे काय?"

हे कोणी विचारलं की काकांना हुरूप यायचा. शब्द त्यांच्या बायकोचा, धोंडूबाईचा, तिने स्वतःच काढलेला. खाडीकाठच्या तिच्या माहेरी पाण्याला पानी म्हणत, पण खुळुम तिथेही कोणी म्हणत नसे. माणूस उठून गेलेलं असतं आणि आपण त्याच्याशी बोलतच राहतो, ते खुळुम. लेक सासरी गेली त्या दुपारी भाकरी थापताना धोंडूबाईने तिलाच हाक मारली, मग स्वतःच हसली, "बघा, खुळुम झाले मी." आता ती गेली. शब्द काकांकडे राहिला. काका गेले की तोही त्यांच्यासोबत सरणावर जाणार, हा विचार त्यांना जेवतानाही सोडत नसे.

विरारला कॉलेजात जाणारी नात मनाली त्यांना नवे शब्द शिकवायची. काही न सांगता बोलणं तोडलं की घोस्ट केलं. मनाचे मांडे खात बसला तो डेलुलू. हळूच सटकला, त्याने कल्टी मारली.

"आणि मागे राहतो त्याला काय म्हणता?" काकांनी एकदा विचारलं.

मनाली विचारात पडली. "त्याला काही नाही, आजोबा."

जागा रिकामी होती. धोंडूचा शब्द तिथे बसवायचा, काकांनी ठरवून टाकलं. "कॉलेजात बोलशील ना गं?" त्यांनी विचारलं आणि मनालीने मान हलवली. पुढचं सगळं त्या एका हललेल्या मानेवर उभं होतं.

"मनालीने कॉलेजात सोडला," काका प्रेमलताला सांगू लागले, "तिथून गेला फुलपाड्याच्या जिममध्ये. वजनं उचलता उचलता पोरं म्हणतात, भावा, फुल खुळुम झालोय! कामणच्या गोदामात माल भरणाऱ्या एकाची मैत्रीण त्याला सोडून गेली, तर बाकीच्यांनी त्याच्या खोक्यावर मार्करने लिहिलं, खुळुम. खोकं तसंच विमानात चढलं. कॅनडात उतरलं. तिथल्या गोऱ्या पोराने रील केली, सत्तर लाखांनी पाहिली!"

"काय होतं रीलमध्ये?" प्रेमलताचा दोरा थांबला.

काका अडखळले. "पोरगा रिकाम्या खुर्चीसमोर बसलाय. बोलतोय." त्यांचा आवाज उतरला. सकाळी घरातून निघताना, "पिशवी दे गं," म्हणून त्यांनी दारातून आत हात पुढे केला होता, आणि बराच वेळ तो तसाच धरून उभे राहिले होते.

तेवढ्यात विरारची बस आली. मनाली उतरली.

"ये पोरी," इग्नेशियस म्हणाला. "तुमच्या कॉलेजात सगळे खुळुम खुळुम करतात म्हणे?"

काकांनी नातीकडे पाहिलं. नुसती मान हलवायची होती. मागे हलवली होती तशी.

मनालीने बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "आजोबा, प्लीज. एकदा ग्रुपवर टाकला मी. कोणी अर्थसुद्धा विचारला नाही. परत नाही बोलले."

"अगं, पण तो कॅनडातला..." काका हसत म्हणाले.

"कोणी नाही, आजोबा! कॅनडात नाही, फुलपाड्यात नाही, कुठेच नाही. आजी गेल्यापासून तो शब्द एकटे तुम्हीच बोलता."