लाल जास्त सुटलेली पानं

लाल शाई जास्त सुटली की छापलेली पानं बाद होतात. मशीन थांबवायचं, शाई आवरायची, पुन्हा सुरू करायचं.

उजवीकडे वळताना आरशात न बघितल्याबद्दल सासऱ्यांनी एकदा सख्ख्या मेव्हण्याला नापास केलं. मेव्हणा गाडीतच रडला.

बीट किसलं की हात दोन दिवस लाल राहतात.

घराखाली गॅरेज आहे. त्यात गाडी नाही.

एक पेन्सिल, मागच्या टोकाला खोडरबर. शिसं अजून बरंच आहे, रबर संपत आलंय.

*

माझे सासरे तीस वर्षं लोकांना गाडी चालवायचा परवाना द्यायचे. म्हणजे बहुतेकांना द्यायचे नाहीत. गावभर त्यांचं नाव नापासकाका. निवृत्त झाले आणि नापास करायला कोणी उरलं नाही. तेवढ्यात मी लग्न होऊन घरात आले.

नवरा छापखान्यात मशीन चालवतो. तिथे पाककृतींची जाड, गुळगुळीत पुस्तकं छापतात. बाद झालेल्या प्रती तो घरी आणायचा आणि सासरे त्यातली फक्त भाजण्याची ठेवायचे. कोळशावरचं, जाळीवरचं, सळईवरचं. कढईचं किंवा केकचं पुस्तक आलं की शेजारी देऊन टाकायचे. एकशे एकसष्ट पुस्तकं, प्रत्येकाला खाकी कव्हर, पाठीवर नंबर. चिमटा मात्र त्यांनी आयुष्यात हातात धरला नाही.

मी लग्नाआधी सहा वर्षं एका हॉटेलात जाळीवर होते. मला ते गॅरेज हवं होतं. दोन शेगड्या, चार टेबलं, बस्स. मागितलं.

"दे परीक्षा," सासरे म्हणाले. "दर रविवारी एक पान. पान मी काढणार. दहापैकी दहा पडले की किल्ली तुझी."

"आणि पासिंग किती, बाबा?"

"पासिंग नाही. दहाच."

नवरा हसला. मला वाटलं, थट्टा आहे. मीही हसले.

*

समासात, पेन्सिलीने:

मक्याची कणसं. चार. दाणे सारखे नाहीत.

अख्खा मासा. तीन. शेपूट तुटली. शेपूट तोडून गाडी पुढे जाते का?

चिकनच्या तंगड्या. पाच. कड फिकी.

बरगड्या. सहा. रंग कमी.

मटणाचे तुकडे सळईवर. सहा. रंग कमी.

रंग कमी.

रंग कमी.

तिसऱ्या वर्षापासून समासात दुसरं काही सापडत नाही.

*

नणंद दर रविवारी यायची. दोनदा वाढून घ्यायची, हाड चोखायची आणि बोटं चाटत म्हणायची, "वहिनी, हॉटेलात तुला कोळसे उचलायलाच ठेवलं होतं का गं?"

"तुला नाही आवडलं?"

"मला आवडून काय उपयोग? मार्क बाबा देतात."

मी रंगाच्या मागे लागले. आच वाढवली तर मांस करपलं. गूळ लावला तर काळं पडलं. तिखट दुप्पट केलं तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सासरे न थांबता जेवले आणि साडेसहा दिले. डाव्या हातावर जाळीची तीन पट्ट्यांची खूण उठली.

"अगं सोड ना," नवरा म्हणायचा. "बाबांनी मला सायकलच्या परीक्षेत दोनदा नापास केलंय. सायकलची परीक्षा नसते तरी."

मी सोडलं नाही. किल्ली त्यांच्या पट्ट्याला लटकलेली असायची. चालताना वाजायची.

*

चौथ्या वर्षी पुस्तकं पुसताना नंबर ब्याण्णवमधून एक कागद पडला. खूण म्हणून घातलेला. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचा, दोन वर्षांपूर्वीचा. तापानंतर वास पूर्ण गेला आहे. चवही गेल्यात जमा. परत येईल असं सांगता येत नाही.

मी फडकं हातात धरून जमिनीवर बसले. दोन वर्षं. शंभर रविवार. मग हा माणूस मार्क कशावर देत होता?

उत्तर त्याच आठवड्यात नवऱ्याच्या पिशवीतून आलं. आमच्याकडे होतं तेच बरगड्यांचं पुस्तक, पण या वेळी चांगली प्रत. बांधणीत एक पान दुमडलं म्हणून बाजूला काढलेली. मी दोन्ही शेजारी उघडली. नव्या पुस्तकातल्या बरगड्या तपकिरी होत्या, अगदी माझ्या व्हायच्या तशा. जुन्यातल्या विटेसारख्या लाल.

"हे असं का रे?"

"जुनं बाद आहे ना. लाल जास्त सुटलं होतं," नवरा बूट काढत म्हणाला. "आपल्याकडची निम्मी पुस्तकं तशीच आहेत. म्हणून तर फुकट मिळाली."

"बाबांना माहितीये?"

"काय?"

"की मांस असं लाल नसतं."

"त्यांना काय फरक पडतो? त्यांना थोडंच भाजायचंय!"

मी त्याला कागदाबद्दल सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला वडिलांची दया आली असती.

*

"बाबा, या रविवारी लोकांना बोलवा ना," मी म्हणाले. "बरगड्याच करते. सगळ्यांसमोर होऊ दे परीक्षा."

ते खूश झाले. त्यांच्या ऑफिसातल्या जुन्या हेडक्लार्कला स्वतः फोन केला. "या, या. सूनबाई नापास होतेय, बघायला या."

मी शनिवारी बीट किसलं, रस काढला, आटवला. रविवारी कोळसे नीट पांढरे होईपर्यंत थांबले. बरगड्यांवर रस पाच वेळा फिरवला. आणि मीठ. चमच्याने नाही, मुठीने. सासऱ्यांना रक्तदाबामुळे मीठ जवळजवळ बंद होतं. एरवी त्यांचं अळणी मीच वेगळं भाजायचे, त्यामुळे मला हे दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी वेगळं भाजलं नाही.

ताट मध्ये ठेवलं. शेजारी पुस्तक उघडं. हुबेहूब. नणंदसुद्धा "अगंबाई" म्हणाली.

सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, परत ताटाकडे. डोळे चमकले. पहिला घास त्यांनी घेतला आणि डोळे मिटून चावू लागले.

"वा! हेडक्लार्क, खाऊन बघा. याला म्हणतात मुरलेला मसाला. हाडापर्यंत गेलाय."

हेडक्लार्कने घास तोंडात घातला आणि तसाच गालात धरून ठेवला. नणंदेने रुमालात थुंकलं. नवऱ्याने पाण्याचा ग्लास एका दमात संपवला आणि माझ्याकडे बघितलं.

"मीठ कसं झालंय, बाबा?" मी विचारलं.

"अगदी बेताचं."

हेडक्लार्कने गालातला घास गिळला, अर्धवट. सासऱ्यांनी पेन्सिल काढून समासात लिहिलं. दहा.

"बाबा, थुंका ते," नणंद म्हणाली. "अहो बाबा, विष झालंय नुसतं. तुम्हाला कळत नाहीये का?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. एकेकाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवत शेवटी माझ्यावर आले. त्यांना कळलं. मला कळलंय हेही कळलं. तीस वर्षं ते शेजारच्या सीटवर बसून लोकांची चूक घडण्याआधी ओळखत होते.

त्यांनी दुसरी बरगडी उचलली. ती संपवली. मग तिसरी. ओठांवर पांढरं जमलं होतं, पण थांबायचं म्हणजे कबूल करायचं.

"आई शप्पथ, पुरे करा," नवरा ओरडला. कोणाला, ते समजलं नाही.

मी ताट त्यांच्या बाजूला थोडं सरकवलं.

"अजून घ्या ना, बाबा. तुमच्यासाठीच केलंय."

त्यांनी घेतली.

*

सोमवारी किल्ली ओट्यावर होती. गॅरेज आता माझं आहे. दोन शेगड्या, चार टेबलं, संध्याकाळी रांग लागते. नणंद पैसे देऊन जेवते. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. सासरे वरच्या खोलीतून उतरत नाहीत. त्यांचं अळणी जेवण मी वर पाठवते आणि ताट रिकामं येतं. त्यांनी सगळी पुस्तकं बांधून खाली पाठवली, म्हणाले, जाळायला घे. मी नंबर एकपासून सुरुवात केली. गुळगुळीत कागद नीट पेटत नाही. नुसता धूर होतो.

पहिल्या रविवारी, नाक शाबूत असताना, मक्याच्या कणसांसमोर त्यांनी आधी नऊ लिहिलं होतं. मग खोडून चार केलं.