पांढरे मोजे

मार्गिलान शहरातल्या त्या घरात पाहुण्यांच्या दालनाला पांढरी लादी होती, आणि ती पांढरी ठेवणं हे मुहय्योचं काम. लग्नाआधी ती रसायनशास्त्र शिकवायची. आता नवरा परदेशात, कझानला बांधकामावर होता आणि ती सासूच्या, सालोमत-ओयींच्या, हाताखाली.

सुनेनं उजाडायच्या आत उठून अंगण झाडायचं, याचं तिथं कुणाला काही वाटत नाही. मुहय्योलाही वाटत नव्हतं. लादीनं मात्र तिला पिळून काढलं होतं. ओयींचा सारा भरवसा सिरक्यावर, म्हणजे व्हिनेगरवर. वर्षानुवर्षं बादलीत सिरका ओतून पुसल्यामुळे सांध्यांमधलं सिमेंट झिजून खडबडीत झालं होतं आणि खाचाखाचांत काळा मळ बसला होता. आम्ल सिमेंट खातं, असं मुहय्यो एकदाच म्हणाली होती. पुस्तकातली लादी वेगळी आणि घरातली वेगळी, असं सुनावून ओयींनी तो विषय मिटवला होता.

हिवाळा सरता सरता गल्लीतल्या शाळेत रसायनाची जागा रिकामी झाली. मुहय्योनं धीर करून विचारलं. ओयींनी नाही म्हटलं नाही. नवरोझच्या सणानंतरची बायकांची बैठक यंदा आपल्याकडे आहे, त्या म्हणाल्या. बाहेर हा चिखल. बायका दारात चपला काढतील आणि पांढऱ्या मोज्यांवर घरभर फिरतील.

"जाताना त्यांच्या मोज्यांचे तळवे पांढरेच दिसले, तर खुशाल जा शाळेत. शब्द दिला."

मुहय्योनं सिरक्याची बाटली फळीच्या मागे ढकलली. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून सांध्यांत भरला, मुरू दिला, मग दात घासायच्या जुन्या ब्रशनं एकेक रेघ घासून काढली. साबण लावलाच नाही. तिथल्या जड पाण्यात साबणाची साय धरते आणि तिला धूळ चिकटते. स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसून शेवटी कोरड्या फडक्यानं ओल टिपून घेतली. गुडघे सुजले. ओयी दारातून बघून गेल्या.

बैठकीला त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका होलिदा-ओपाही आल्या. पुलाव झाला, याची त्याची टवाळी झाली. मग मुहय्यो किटली घेऊन फिरू लागली. प्रत्येकीचा पियाला ती रीतीप्रमाणे अर्धाच भरत होती. थोडा चहा म्हणजे बसा, पुन्हा भरते. काठोकाठ भरलेला म्हणजे उठा आता. हे तिथल्या लहान पोरींनाही कळतं.

होलिदा-ओपांनी एकाएकी पाय वर करून तळवा सगळ्यांना दाखवला. मोजा दुधासारखा पांढरा होता.

"बघा गं," त्या म्हणाल्या. "आमचे शिपाई उभ्या जन्मात अशी लादी पुसणार नाहीत. सालोमत, हिला वर्गात खडूची धूळ खायला पाठवू नकोस हं. वाया जाईल पोर."

बायका हसल्या. शेजारची तुर्सुनोय म्हणाली, माझ्या लेकाच्या लग्नाआधी आठवडाभर उसनी दे.

मुहय्यो ओयींकडे बघत राहिली.

"ऐकलंस ना?" ओयी अगदी मायेनं म्हणाल्या. "खुद्द मुख्याध्यापिका सांगतायत. शाळेत काय, कुणीही शिकवतं, बाळा. असा हात कुणाला असतो?"

मुहय्योनं होलिदा-ओपांचा पियाला उचलला आणि काठोकाठ भरला. मग तुर्सुनोयचा. मग ओयींचा, त्यांच्याच घरात. हसणं जिथल्या तिथं थांबलं. होलिदा-ओपांनी नजर चुकवत पियाला हातात घेतला, तसा चहा हिंदकळून लादीवर सांडला.

"सूनबाई," ओयी हळू आवाजात म्हणाल्या, "फडकं आण."

झिजलेलं सिमेंट चहा किती झटकन पितं आणि तो डाग पुढे कशानंच जात नाही, हे मुहय्योला पक्कं ठाऊक होतं. तिनं किटली खाली ठेवली आणि पाहुण्यांच्या गादीवर टेकली. नुकत्याच पांढऱ्या केलेल्या सांध्यातून तपकिरी रेघ सरकत ओयींच्या पायाशी गेली, तरी ती उठली नाही.