साडेसातशेचं लेबल

रविवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तिसऱ्या मजल्यावरची बाहेरची खोली. खिडक्या बंद. टेबलावर त्रेचाळीस इंची नवा मॉनिटर, त्याच्यासमोर एक वयस्क गृहस्थ, शेजारी लॅपटॉप घेऊन त्यांची मुलगी. चार वाजून अकरा मिनिटांनी मॉनिटर काळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला. हा सलग तिसरा रविवार.

बंद मी पडलो होतो. मी पॉवर सप्लाय बोलतोय. कॉम्प्युटरच्या पेटीत तळाला बसून भिंतीतली वीज घेणारा आणि आतल्या सगळ्यांना वाटून देणारा लोखंडी डबा. माझ्याकडे कुणी बघत नाही. माझ्या अंगावरचं लेबल तेवढं वाचतात, आणि या प्रकरणाची सगळी गोम त्या लेबलात आहे.

"बाबा, पेटीला पाय लागला का?" मुलीनं विचारलं.

"माझे पाय खुर्चीखाली आहेत. मोज, दोन्ही आहेत."

फोन वाजला. दुसऱ्या शहरातून खेळणारा तिचा थोरला भाऊ. "चिमे, पुन्हा गायब झालात! माणसं छपरावर उभी आहेत इकडे."

त्यांचा खेळ पुरात अडकलेल्यांना वाचवण्याचा. भाऊ-बहीण खाली पाण्यात होड्या सांभाळतात, बाबा हेलिकॉप्टर उडवतात. तिघांची आठवड्यातली भेट ती एवढीच. एरवी बापलेकांचं फोनवरचं बोलणं "जेवलास का" आणि "हो" यात आटपतं.

माझी हकिगत थोडक्यात सांगतो. मी जन्मलो साडेचारशे वॅटचा. कारखान्यात तेवढं ओझं लादून मला तपासलं आणि तसं खरं लेबल लावलं. पहिली सहा वर्षं मी एका दवाखान्यात, पेशंटची नावं टाइप करणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये काढली. तो भंगारात गेला आणि मी अर्धवट ओढलेल्या शटरमागच्या एका टेबलावर पोचलो. तिथे माझी धूळ झाडली, वर काळा रंग मारला आणि जुन्या लेबलावर नवं लेबल अंगठ्यानं दाबून बसवलं. ७५० वॅट. तो अंगठा माझ्या लक्षात आहे. चेहरा दिसला नाही, मी पालथा होतो.

मग दुकानात नव्या खोक्यातून मी नवाकोरा म्हणून या मुलीला विकला गेलो. दोन वर्षं काही बिघडलं नाही. मॉनिटर लहान होता, ग्राफिक्स कार्ड जुनं आणि अल्पसंतुष्ट. माझं खोटं झाकून राहिलं.

पण बाबांची नजर उतरू लागली. कडेचं दिसायचं, नेमकं समोरचं पुसट व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं, थांबवता येईल, परत आणता येणार नाही. मुलीनं हा भलामोठा मॉनिटर आणला. बाबांना छपरावरची माणसं दिसू लागली, पण चित्र अडखळायला लागलं. जुन्या मॉनिटरच्या चौपट ठिपके रंगवायचे म्हणजे जुन्या कार्डाला दम लागणारच. म्हणून नवं कार्ड.

मुलगी बेफिकीर नव्हती, हे मुद्दाम सांगतो. तिनं कागदावर बेरीज मांडली: कार्डाला तीनशे वीस, प्रोसेसरला सव्वाशे, बाकी किरकोळ. पाचशेच्या घरात. मग पेटी त्याच दुकानात नेऊन विचारलं, "पॉवर सप्लाय बदलावा लागेल का?"

दुकानदारानं माझं लेबल वाचलं. "साडेसातशे? मॅडम, यावर शेजाऱ्यांचाही कॉम्प्युटर चालेल!"

माझ्यात एक सोय आहे. ओझं झेपेनासं झालं की मी स्वतःला बंद करतो, नाहीतर आग लागेल. खाली पाण्यात होडी फिरत असते तोवर कार्ड निवांत असतं. हेलिकॉप्टर वर चढलं की अख्खं शहर, पाणी, छपरं एकदम रंगवावी लागतात आणि कार्ड माझ्याकडे हात पसरतं. मुलीनं दोनदा स्वतः खेळून पाहिलं. होडीवरच! काही झालं नाही. त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडायचा तो नेमका बाबा बसल्यावर. आणि संशय कुणावर? बाबांवर.

"राग मानू नकोस," त्या रविवारी भाऊ फोनवर म्हणाला, "पण बाबा भलतंच काहीतरी दाबतायत. दिसत नाही त्यांना. चिमे, हेलिकॉप्टर तू घे. ते बघत बसतील शेजारी."

फोन स्पीकरवर आहे, हे त्याला सांगायचं राहिलं होतं.

बाबा उठले. "बघायला दिसावं लागतं, बाळा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मुलगी पेटीकडे वळली. मग पान्याचा डबा आणून एकेक भाग काढायला लागली. मी तापलेलो होतो. मला फडक्यात धरून तिनं हाक मारली, "बाबा, हे जरा धरा. कनेक्शन बघते."

बाबा आले, मला तळहातावर घेतलं. तीस वर्षं पार्सल गोदामाच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस. हात जरा खालीवर केला.

"यात किती आहे म्हणालीस?"

"साडेसातशे."

"माल कमी आहे गं. आत तांबं नको का तेवढं? खोकं मोठं आणि आत भुसा, तसलं वाटतंय."

"बाबा, लेबलवर छापलंय."

"मला कुठे वाचता येतंय लेबल!"

ती हसली नाही. नखानं तिनं लेबलाची कड उचलली. खाली दुसरी कड लागली. सोलत गेली तसा आधी चार आला, मग पाच, मग शून्य.

तिनं भावाला फोटो पाठवला. त्याचा फोन बऱ्याच वेळानं आला. "बाबांना दे," म्हणाला. बाबांनी फोन कानाला लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं बरं. जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात. दुकानदारानं मला उलटंसुलटं केलं आणि वर मान न करता सांगितलं, "लेबल काढलेलं आहे. वॉरंटी संपली."

"लेबल खोटं होतं!"

"असेल. पण काढलं तुम्ही."

पुरवठादार म्हणतो, आमच्याकडून माल बरोबर गेला. दुकानदार म्हणतो, आम्ही बंद खोकं विकतो. ग्राहक तक्रार कार्यालयातल्या बाईंनी मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून नंबर दिला आणि कपाटात ठेवलं. मी आता तिथे आहे. त्या घरात नवा, खऱ्या ताकदीचा पॉवर सप्लाय बसलाय आणि हेलिकॉप्टर बाबांकडेच आहे. जबाब द्यायला आलेली मुलगी बाईंना हे सांगत होती.

माझं म्हणणं एवढंच: मला दोष द्या, पण माझ्या अंगावर कुणी लिहिलं तेही विचारा. माझ्यात निदान बंद पडायची सोय होती. ती सगळ्यांत असतेच असं नाही.

त्या शटरमागच्या टेबलावर त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. अकराही जणांवर तेच लेबल लागलं. उरलेले दहा कुणाच्या घरात चालू आहेत, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.