ट्रूडीची बशी

शेजारच्या ट्रूडीकडून बशी परत आली आणि इलाच्या मनात पाल चुकचुकली. नारळाच्या वड्या तिनेच पाठवल्या होत्या, आईच्या निळ्या चिनी बशीतून. आई गेल्यावर तिची तेवढीच एक वस्तू इकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आली होती. तसं वरवर सगळं ठीक होतं. वर ॲपल पायचे तुकडे, खाली तोच निळा पक्षी, तीच फुलं. पण घासताना बशी हाताला जड लागली. काठाचा टवका उडालेला, आत बिस्किटासारखी पिवळट माती. आईची बशी तर अस्सल चिनी मातीची, आतून पांढरीशुभ्र असायला हवी!

"बदलली रे म्हातारीने!"

"काहीतरीच काय, यार! दहा वर्षांपासूनची शेजारीण आहे ती," तिचा नवरा श्रीरंग लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

इला कसली गप्प बसतेय! तिने नेटवर वाचून काढलं. पूर्वी चीनहून जहाजं यायची थांबली, तेव्हा हॉलंडच्या कुंभारांनी आपल्याच पिवळ्या मातीवर पांढरा मुलामा चढवला, वर हुबेहूब चिनी नक्षी रंगवली आणि गिऱ्हाइकांनी ती भांडी हौसेने घरात मांडली. आणि ट्रूडीचे पूर्वज कुठले? हॉलंडचे! म्हणजे खानदानी धंदाच की हा! आईची बशी ट्रूडीने एकदा उलटी करून किती वेळ निरखली होती, तेही आत्ताच आठवलं. इलाचं डोकं भणभणलं.

शनिवारी ती दालचिनी मागायला गेली. ट्रूडी किचनमध्ये वळली तशी इलाने हॉलमधलं कपाट उघडलं. खालच्या फळीवर पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात आईची बशी. तुकडे तुकडे झालेली, अर्धवट चिकटवलेली, पक्ष्याची मान वाकडी बसलेली.

मागे ट्रूडी उभी होती, हातात दालचिनीची बाटली.

"धुताना हातातून निसटली," ती म्हणाली. "नीट जोडली की सांगणार होते. तोवर माझ्या पणजीची दिली. तिची तेवढीच उरली होती."

इलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, मला तेव्हाच सांगायचं ना!"

"भीती वाटली. तू यायची बंद होशील म्हणून."

"तुझी बशी आत्ता आणून देते."

"नको. तुझी फोडली मी, ती ठेव तुला." ट्रूडीने बाटली तिच्या हातात दिली आणि कपाट लावून घेतलं.

ट्रूडी अजूनही कुंपणापाशी भेटते, हसते, बर्फ किती पडला ते बोलते. फक्त इला दारात गेली की आता ती स्वतःच बाहेर येते आणि मागे दार ओढून घेते.