धुराड्याशेजारची भाऊबीज

रतननं युवराजच्या कपाळाला कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या आणि हात तसाच ठेवून ती कान देऊन ऐकू लागली. भिंतीपलीकडच्या पंख्याची घरघर थांबली होती. काल पाडव्याला साखर कारखान्यानं एवढ्या थाटामाटात सुरू केलेलं धूर धुवायचं यंत्र आज भाऊबीजेला गप्प! धुराडं मात्र भकाभका ओकतच होतं.

"मशीन बंद पडलं का रं?"

युवराज त्याच यंत्रावर इंजिनिअर होता. पाटावर बसल्या बसल्या त्यानं मनगटावरचं घड्याळ उगाच सारखं केलं.

"पडलं न्हाय ताई. बंद केलंय."

"कशापायी?"

"लई वाफ खातंय. हंगामात वाफ साखरंलाच पुरंना, त्याला कुठनं देणार? पाव्हणं आलं, तपासणी आली, की लावायचं. तसंच ठरलंय."

"कवा ठरलं?"

"पाया खणायच्या आदीच."

रतननं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. सणसरच्या या वस्तीवर काजळी पडायची, वाळत घातलेल्या धुण्यावर, पाण्यावर, पोरांच्या छातीत. शेवटी बायका कारखान्याच्या गेटावर ठाण मांडून बसल्या. तेव्हा हाच माहेराहून, लासुर्ण्याहून आला होता, हिच्याच चुलीपुढं बसून समजावत होता. धूर आधी धुऊन काजळी काढायची, मग त्यातला कार्बन वायू वेगळा करून टाकीत भरायचा. आणि ही बावळट दारोदार फिरली! "माझा सख्खा भाऊ हाय तितं, खोटं कशाला बोलंल?" बायका गेटावरून उठल्या. थोरल्या चुलतजावेनं, लीलाबाईनं तर यंत्राला जागा हवी म्हणून पेरूची फळती झाडं तोडून दिली. सख्ख्या भावानंच केसानं गळा कापला होता.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तू गेली असतीस का बायकांकडं?"

हे तो अगदी सहज बोलला. रतनला रडूसुद्धा आलं नाही, इतका तिला संताप आला. त्यानं पिशवीतून साडी काढून ताटात ठेवली. तिनं ती उचलली आणि त्याच्या पुढ्यात पाटावर आपटली.

तेवढ्यात लीलाबाई अनारशांची ताटली घेऊन दारात आली.

"मशीनचा आवाज येईना गं. बिघडलं का काय?"

"चालू हाय की लीलाताई," युवराज हसत उठला. "आता आवाज कमी केलाय."

"न्हाय अक्का," रतन म्हणाली. "बंद हाय. पाव्हण्यांपुरतंच लावणार हायत. पयल्यापासनं तसंच ठरलेलं."

लीलाबाईनं ताटली खाली ठेवली. पदरानं हात पुसत ती रतनच्या पुढ्यात आली. युवराजकडं तिनं मान वळवलीसुद्धा नाही.

"पयल्यापासनं?" ती म्हणाली. "मंजी माझी झाडं मागाय आलीस, तवा तुला ठावं व्हतं?"

"न्हाय वो अक्का! आत्ता कळलं मला. देवाशप्पथ!"

"आत्ता?"

"इचारा की त्याला."

दोघी युवराजकडं वळल्या. तो उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. एका बुटाची बांधून झाली, मग त्यानं दुसऱ्याची घेतली.