पुतण्याच्या लग्नाचं कर्ज

दोमिंगोने पातेल्याच्या तळाला लागलेला भात उलथन्याने खरवडला, करपलेला भाग स्वतःच्या ताटात घेतला आणि वरचा पांढरा भात सुवर्णाच्या पुढे सरकवला.

"घ्या, मिस सुवर्णा. भाजीत आज आंबवलेली मासळी घातली नाही. तुम्हाला तो वास सोसत नाही, असं मनांग रेमी म्हणाली."

"मला चालतं," सुवर्णा म्हणाली. चालत नव्हतंच. पण पाहुण्याने यजमानाला असं तोंडावर सांगायचं नसतं, एवढं ती इस्लामपुराहून शिकून आली होती.

भाजीत कारलं, वांगं, भेंडी आणि भोपळा असे सगळे एकत्र नांदत होते. माहेरी एका कढईत हे चौघे कधी आले नसते. पण चव ओळखीची वाटली आणि तिने मनापासून दुसऱ्यांदा वाढून घेतली. शेजारी बसलेली रेमी समाधानाने हसली. सत्तरीची, बुटकी, कायम लाल स्वेटर घालणारी रेमी पतसंस्थेच्या कर्ज समितीवर होती. दोमिंगोसारखीच तीही फिलिपिन्सच्या उत्तरेकडची. तिकडच्या बोलीत मनांग म्हणजे ताई आणि मनोंग म्हणजे दादा. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं तिथेही उद्धटपणाच.

पतसंस्था सिअ‍ॅटलच्या दक्षिणेला, बीकन हिलवरच्या एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होती. सभासद सगळे फिलिपिनो. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या बायका, वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालणारे पुरुष, आणि तारुण्यभर दर उन्हाळ्यात अलास्काला जाऊन मासळीच्या कारखान्यात राबलेले दोमिंगोसारखे काही जण. मोठ्या बँका अशा लोकांना कर्ज देत नाहीत, सल्ला देतात. वसंतात जुना मॅनेजर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी सुवर्णा आली. तिला सगळंच आवडलं होतं, फक्त घरभेटीचा हा रिवाज सोडून. कर्ज मागणाऱ्याच्या घरी समितीच्या दोघींनी जायचं, तो वाढेल ते जेवायचं, जेवताना पैशाचा शब्द काढायचा नाही आणि परतताना गाडीत ठरवून टाकायचं. मुलगी बघायला गेल्यासारखं! कांदेपोहे तेवढे नाहीत, असं ती घरी नवऱ्याला म्हणाली होती. आज समितीतल्या नॉर्माच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून तिच्याऐवजी सुवर्णा आली होती.

दोमिंगोने प्रवासासाठी कर्ज मागितलं होतं. गावी पुतण्याचं लग्न, तीन आठवड्यांचा मुक्काम, मग परत.

जेवता जेवता सुवर्णाची नजर कोपऱ्यातल्या मोठ्या खोक्याकडे गेली. मायदेशी जाणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या घरी असं खोकं असायचं आणि त्यात नवे टॉवेल, चॉकलेटं, डबाबंद मांस, साबणाच्या वड्या असायच्या. सगळं नवं, सगळं दुसऱ्यांसाठी. या उघड्या खोक्यात मात्र वर घडी घातलेला जुना हिवाळी कोट होता. त्याखाली नवीन तळ बसवलेले बूट दिसत होते, बाजूला वायर गुंडाळून ठेवलेला विजेचा भात-कुकर आणि काचेच्या चौकटीतला दोमिंगोच्या बायकोचा फोटो. भिंतीवर मोकळा खिळा राहिला होता. भात पातेल्यात का शिजला, हे तिला आत्ता कळलं.

तिने दोमिंगोकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळं पडलं होतं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. हा माणूस लग्नाला निघालेला नव्हता. तो मरायला घरी निघाला होता.

 त्याच क्षणी सुवर्णातली कारकून जागी झाली. सांगलीकडच्या एका पतसंस्थेत तिने उमेदीची वर्षं काढली होती. संचालकांच्या मेहुण्या-भाच्यांना कोणी काही न विचारता कर्जं देत गेलं आणि एके दिवशी संस्थेला टाळं लागलं. भाजी विकून पैसे ठेवणाऱ्या बायका पायऱ्यांवर बसून राहायच्या आणि आतले लोक मागच्या दाराने घरी जायचे. सुवर्णाही जायची. तेव्हापासून तिने ठरवलं होतं, की प्रश्न विचारायला लाजायचं नाही. इथल्या पायऱ्यांवर कोणी बसायला नको.

"मनोंग," ती म्हणाली, "परतीचं तिकीट कधीचं आहे?"

रेमीचा चमचा ताटाला वाजला.

"तीन आठवडे," रेमीच म्हणाली. "लिहिलंय त्यात. भोपळा घे ना, गोड आहे."

सुवर्णाने भोपळा घेतला नाही. तिला वाटलं, आपल्याला मार्ग सापडलाय. म्हाताऱ्याला खोटं बोलावं लागू नये आणि संस्थेचाही पैसा बुडू नये, असा सरळ मार्ग. ती पुढे झुकली आणि आईशी बोलावं तितक्या मऊ आवाजात म्हणाली,

"तुमचा कोट दिसला मला. परत यायचं नसेल तर सांगा, काही बिघडत नाही. मग कर्ज कशाला? आपल्याकडे मदतनिधी आहे. त्यातून तिकीट काढून देऊ. फेडावंच लागणार नाही."

 दोमिंगोने तोंडातला घास चावून संपवला, पाणी प्यायला. मग उठला आणि खोक्याचे दोन्ही पुठ्ठे मिटले, जसं कपडे बदलताना कोणी पाहिलं की माणूस दार लोटतो.

"मी कोणाचं फुकट घेतलं नाही, मिस सुवर्णा," तो खुर्चीत परत बसत म्हणाला. आवाजात राग नव्हता. "अजून भात आहे. घ्या."

त्यानंतर रेमीने हवेबद्दल, नॉर्माच्या गुडघ्याबद्दल आणि बेकरीतल्या पावाच्या घसरत्या दर्जाबद्दल पुष्कळ बोलून घेतलं. निघताना दोमिंगोने दोघींना केळीच्या पानात बांधलेला गोड भात दिला. दारापर्यंत आला. पायऱ्या निसरड्या आहेत म्हणाला.

गाडीत रेमीने किल्ली फिरवली नाही. काचेवर पावसाचं बारीक पाणी साचत होतं.

"तो उद्या अर्ज मागे घेईल," ती म्हणाली.

"का? मी तर त्याच्या भल्याचंच—"

"माहितीये मला." रेमीने चष्मा काढून स्वेटरला पुसला. "सुवर्णा, दरवर्षी कोणी ना कोणी लग्नाला जातं. नाहीतर बारशाला. परत कोणी येत नाही. हप्ते मात्र एकही चुकत नाहीत, बघितलंस ना तू?"

सुवर्णाने बघितलं होतं. मायदेशी गेलेल्या सभासदांचे हप्ते काउंटरवर रोख येतात, कधी कोणी भरतं, कधी कोणी. नातेवाईक असतील, असं तिने धरून चाललं होतं.

"आम्ही भरतो. पाळीपाळीने," रेमी म्हणाली. "दोमिंगोनेसुद्धा भरलेत, त्याच्याबरोबर अलास्काला असायचा त्या मित्राचे. दोन हिवाळे भरत होता."

"म्हणजे त्याला सगळं ठाऊक आहे?"

"सगळ्यांना सगळं ठाऊक आहे."

"मग मदतनिधीत आणि ह्यात फरक काय, मनांग? पैसे तर तुमचेच."

रेमी तिच्याकडे वळली. चिडली असती तर बरं झालं असतं. ती एखाद्या लहान मुलीला समजवावं तशी बोलली.

"कर्ज घेऊन जाणारा माणूस परत येणार असतो. त्याचं नाव इथे राहतं, त्याच्याकडून येणं असतं. भीक घेऊन जाणारा संपला. फक्त विचारायचं नसतं गं. एवढंच करायचं असतं आपण."

रेडमंडमधल्या आपल्या घरी पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. तिचा नवरा प्रसन्न लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंग ऐकत होता. तिने सगळं सांगितलं तेव्हा त्याने हेडफोन एका कानावरून बाजूला केला.

"पण टेक्निकली तू राइट होतीस, यार. समजा त्यांनी हप्ते नसते भरले, तर? बुडालं असतं ना लोन? तू उगाच गिल्टी फील करतेयस."

"मी बरोबर होते, तेच तर," सुवर्णा म्हणाली आणि केळीच्या पानातला भात न उघडता फ्रिजमध्ये ठेवून दिला. रडू आलं, तेव्हा ती ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. प्रसन्नने लॅपटॉप बंद केला आणि जवळ येऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी दोमिंगोने अर्ज मागे घेतला. काउंटरवरच्या मुलीला नम्रपणे सांगितलं, गरज उरली नाही.

सुवर्णाने आठवडाभर कळ काढली. मग शनिवारी पुरणपोळ्या केल्या, डबा घेतला आणि एकटीच दोमिंगोकडे गेली. समितीने कर्ज मंजूर केलंय, काहीही न विचारता मंजूर केलंय, असं सांगायचं तिने ठरवलं होतं. वाटेत गाडीत दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं.

दार उघडायला त्याला बराच वेळ लागला. आता भिंतीला धरून चालत होता. पण शर्ट इस्त्रीचा होता आणि त्याने आग्रहाने तिला खुर्चीत बसवलं. कोपऱ्यातलं खोकं गेलं होतं. फोटो पुन्हा भिंतीवर आला होता, जरा वाकडा.

"मनोंग, कर्ज मंजूर झालंय," ती घाईने म्हणाली. "तुम्ही फक्त सही करा. लग्नाला जाऊन या."

दोमिंगोने पोळीचा तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून चव घेतली.

"फार छान आहे," तो म्हणाला. "पण लग्न मोडलं, मिस सुवर्णा. मुलीकडचे नाही म्हणाले."

 मला माफ करा, असं सुवर्णाच्या ओठांवर आलं होतं. पण माफी मागायची तर सगळं पुन्हा उघड बोलावं लागलं असतं. त्याने पुन्हा लावलेलं दार दुसऱ्यांदा ढकलायची तिची हिंमत झाली नाही.

"वाईट झालं," ती म्हणाली.

"हो. मुलगा चांगला आहे," दोमिंगो म्हणाला. "होईल त्याचं. वय काही गेलं नाही."

मग दोघं त्या नसलेल्या मुलाबद्दल बराच वेळ बोलत बसले. तो शेती बघतो, तंबाखू लावतो. घराच्या मागे नदी आहे, उन्हाळ्यात तिचं पाणी गुडघ्याएवढं होतं आणि माणसं म्हशी घेऊन पलीकडे जातात. दोमिंगो सांगत होता आणि सुवर्णा विचारत होती, आता तिला विचारता येण्याजोगं एवढंच उरलं होतं. उठताना त्याने डबा धुऊन, पुसून तिच्या हातात दिला.

फेब्रुवारीत तो गेला. काउंटीच्या हॉस्पिटलमध्ये, दुपारी, शेजारच्या पलंगावरच्या माणसाचा टीव्ही चालू असताना. रेमी जवळ होती. शेवटी शेवटी तो गावाकडचं बोलत होता, एवढंच तिने सांगितलं. जास्त कोणी विचारलं नाही.

देह गावी न्यायचं ठरलं. ठरवायला काही वेळ लागलाच नाही. संस्थेचा दंडकच होता, की सभासद गेला की प्रत्येकाने हातभार लावायचा. बेकरीच्या जिन्यावर रांग लागली. वृद्धाश्रमातल्या बायका दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत युनिफॉर्मवरच आल्या. ज्यांची नावं थकबाकीत होती तेही आले आणि सुवर्णाची नजर चुकवून पैसे ठेवून गेले. अंत्यविधीवाल्याचं बिल, विमानाच्या मालवाहू भागाचं भाडं, तिकडच्या विमानतळापासून गावापर्यंतची गाडी, हे सगळं धरून दोमिंगोने मागितलेल्या कर्जाच्या कितीतरी पट खर्च होता. दोन दिवसांत जमला. कोणी जामीन मागितला नाही, कोणी घर बघायला गेलं नाही. दोमिंगोला आता नको म्हणता येत नव्हतं.

चेक लिहायला रेमी वर आली. सुवर्णाने आकडा लिहिला, अक्षरात लिहिला. सहीच्या वेळी तिने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि सही केली.

रेमीने चष्मा लावून चेक दोन्ही बाजूंनी नीट वाचला. तिच्या चेहऱ्यावर टोमणा कुठेच नव्हता. हिशेबातलं आपल्याला कळत नाही, म्हणून दरवेळी विचारायची तसंच तिने आजही विचारलं,

"आता सगळं नियमात आहे ना गं?"

"हो, मनांग," सुवर्णा म्हणाली. "नियमात आहे."